गोव्यात गाडीला घरच्या घरी वॅक्स लावायचंय? मग चकाकी नंतर बघू, आधी टिकाऊपणा

पहिल्यांदा वॅक्स घ्यायला निघालेला माणूस हमखास विचारतो की चकाकी कुठल्याने जास्त येते. गोव्यात गाडी ठेवणाऱ्याने हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा असं माझं स्पष्ट मत आहे. कारण आपल्याकडे जून ते सप्टेंबर सरासरी ३००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, वाळपई-सांगे बाजूला त्याहून जास्त, आणि पाऊस गेला की किनाऱ्याकडे खारी हवा, डिचोली-साखळी-कुडचडे पट्ट्यात तांबडी धूळ, आणि उरलेल्या सगळ्यांच्या डोक्यावर आंबा नाहीतर जांभूळ असतंच. अशा ठिकाणी आठ दिवस आरशासारखं चमकून महिन्याभरात धुऊन जाणारं वॅक्स काय कामाचं? म्हणून इथे आधी टिकणारं बघायचं, मग लावायला सोपं आहे का ते बघायचं, आणि चकाकी तिसऱ्या नंबरला, आणि गंमत म्हणजे आधीची धुलाई नीट झाली असेल तर चकाकी कुठल्याही बऱ्या वॅक्सने येतेच.

वॅक्स नेमकं करतं काय हे आधी समजून घ्या, म्हणजे पैसे चुकीच्या डब्यावर जाणार नाहीत. गाडीच्या पत्र्यावर प्रायमर असतो, त्यावर रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून कंपनीतून आलेल्या गाडीवर साधारण १०० ते १२० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) भरतं, आणि त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनच्या आसपास. आपण ज्याला गाडीची चमक म्हणतो ती या क्लिअर कोटची. वॅक्स त्याच्यावर बसतं, एका मायक्रॉनपेक्षाही पातळ थर, आणि ऊन, खारट दमटपणा, पक्ष्याची विष्ठा, झाडाचा चीक हे सगळं आधी त्या थराला झेलावं लागतं. तो थर झिजतो आणि आपण पुन्हा लावतो, एवढंच. ओरखडे तो घालवत नाही, फिका पडलेला रंग परत आणत नाही, खालून गंजणाऱ्या चासीचं तर त्याला काही करताच येत नाही, त्यासाठी अंडरबॉडी कोटिंग वेगळं करून घ्यावं लागतं.

आता दुकानात एकाच फळीवर तीन वेगळ्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात आणि दुकानदार तिन्हीला पॉलिश म्हणूनच देतो. रबिंग कंपाउंड म्हणजे खरखरीत पेस्ट, क्लिअर कोट घासून काढते. पॉलिश म्हणजे त्याच जातीतली पण बारीक, तीही थोडा कोट खातेच. वॅक्स मात्र काही काढत नाही, वर थर ठेवतं. चौथा प्रकार क्लीनर वॅक्स, यात वॅक्स आणि बारीक घासणारी पूड एकत्र असते. जुन्या निस्तेज गाडीला एखाद्या वेळी ते चालतं, पण नव्या गाडीला दर तीन महिन्यांनी क्लीनर वॅक्स मारत राहिलात तर दर वेळी थोडा थोडा क्लिअर कोट खर्ची पडतोय हे लक्षात ठेवा, आणि तो कोट परत येत नाही. त्यामुळे डब्यावरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय काहीही उचलू नका. डब्यावर 'क्लीनर' असा शब्द दिसला, किंवा ओरखडे घालवतो, ऑक्सिडेशन घालवतो असं लिहिलेलं दिसलं की समजा आत घासणारं काहीतरी आहे.

खऱ्या वॅक्समध्ये दोन मोठी घराणी. एक कार्नौबा. ब्राझीलच्या ईशान्य भागात एक ताडाच्या जातीचं झाड वाढतं, त्याच्या पानांवरचं मेण म्हणजे कार्नौबा, नैसर्गिक मेणांमधलं सगळ्यात कडक समजलं जातं, वितळतं ८२ ते ८६ अंशांच्या आसपास. शुद्ध कार्नौबा दगडाइतकं टणक असतं, ते गाडीला लावता येणारच नाही, म्हणून त्यात तेलं आणि सॉल्व्हंट मिसळून मऊ करतात. त्यामुळे डब्यावर १०० टक्के कार्नौबा लिहिलेलं दिसलं तर त्याचा अर्थ एवढाच घ्या की आतलं मेण कार्नौबाचंच आहे, आख्खा डबा त्याचा नाही. याची चमक सुंदर, थोडी ओलसर, खोल दिसणारी, काळ्या आणि गडद लाल गाडीवर तर बघत राहावं. पण आपल्या पावसात ते चार-सहा आठवडे टिकलं तरी खूप म्हणायचं.

दुसरं घराणं सिंथेटिक, म्हणजे पॉलिमरवालं. डब्यावर पेंट सीलंट किंवा सिंथेटिक वॅक्स असं लिहिलेलं असतं. दिसायला थोडं काचेसारखं, कोरडं चमकणारं, पांढऱ्या आणि चंदेरी गाड्यांवर फार छान दिसतं, आणि गोव्यात पांढऱ्या गाड्या किती आहेत हे सांगायला नको. टिकतं तीन महिने, चांगलं असेल आणि गाडी छपराखाली असेल तर त्याहून जास्त. हल्ली मधला एक प्रकार आलाय, सिरॅमिक स्प्रे वॅक्स, यात सिलिकाचं काहीतरी असतं. धुतलेल्या गाडीवर फवारायचं, पुसायचं, संपलं. चांगली वस्तू आहे पण नुसतं त्याच्यावर आख्खा पावसाळा काढायचा विचार करू नका, मधल्या काळात जोर द्यायला म्हणून ठेवा. आणि ते स्टुडिओत जाऊन करतात ते सिरॅमिक कोटिंग वेगळं, ते कडक होऊन क्लिअर कोटला घट्ट धरतं, चुकलं तर पॉलिशनेच काढावं लागतं, पहिल्यांदा हात घालणाऱ्याने ते घरी करू नये.

मग मी सुचवतो काय? पहिल्यांदा लावताय, गोव्यात राहताय, तर पातळ लिक्विड सिंथेटिक किंवा कार्नौबा-पॉलिमर मिश्रण घ्या. डब्यातली घट्ट पेस्ट नवख्या माणसाच्या हातून नेहमी जास्तच लागते, आणि जास्त लागली की पुसताना जीव जातो. लिक्विड बाटलीतून थेंब-थेंब काढता येतं. ऑनलाइन सहज मिळणाऱ्यांत टर्टल वॅक्स, मेग्वायर्स, थ्रीएम, फॉर्म्युला १ ही नावं दिसतील, प्रत्येकाचे चार-पाच प्रकार असतात, त्यामुळे ब्रँडपेक्षा प्रकार बघून घ्या. कॉलिनाइट ८४५ नावाचं एक आहे, त्याला इन्सुलेटर वॅक्स म्हणतात कारण मुळात ते विजेच्या तारांवरच्या इन्सुलेटरसाठी बनवलेलं, म्हणजे बाराही महिने उघड्यावर राहणाऱ्या वस्तूसाठी, थोडं महाग पडतं पण पावसात खरंच टिकतं. बाटली जोरात हलवून घ्यायची, नाहीतर आतलं खाली बसलेलं राहतं आणि वरचं पातळ पाणीच लागतं.

तुम्ही कुठे राहता यावरही थोडं बदला. मांद्रे, मोरजी, हणजूण, काणकोण, म्हणजे समुद्राच्या वाऱ्यात गाडी उभी असेल तर सिंथेटिकच, आणि चाकांच्या रिमनाही तेच लावा, मीठ तिथे आधी खातं. खाण पट्ट्यात किंवा रस्त्याच्या कामाच्या धुळीतून रोज म्हापसा-पणजी करत असाल तर कुठलंही चालेल पण लावून गुळगुळीत कोरडं राहणारं हवं, तेलकट राहणाऱ्यावर धूळ चिकटून बसते. घरी बंद गॅरेज आहे आणि गाडी रविवारीच बाहेर निघते, आणि गाडी काळी आहे, तर खुशाल कार्नौबा घ्या आणि आनंद घ्या, तुमच्याइतका भाग्यवान कोणी नाही.

कधी लावायचं? माझ्या मते वर्षातून दोनदा मनापासून, बाकी वेळी वरवर. पहिला हात मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात, मॉन्सून यायच्या आत. तोपर्यंत वळिवाच्या सरी येऊन जात असतात, तर कोरडा दिवस बघून. लावल्यानंतर निदान एक रात्र तरी गाडी कोरडी राहायला हवी, सिंथेटिक असेल तर २४ तास राहिली तर उत्तमच. दुसरा हात पाऊस पूर्ण गेल्यावर, दसरा आटोपला की दिवाळीच्या आधी. दसऱ्याच्या आधी नको, कारण पूजेला बॉनेटवर हळद-कुंकू लागणार, हार लटकणार, नारळाचं पाणी उडणार. चतुर्थीला पाहुणे येणार म्हणून गाडी चमकवायची असेल तर ते दिवस ऐन पावसाचे असतात, तेव्हा नुसता स्प्रे वॅक्स मारा, मोठा घाट घालू नका.

सामान फार लागत नाही पण जे लागतं ते बरोबर हवं. दोन बादल्या, एक कार शाम्पू, धुवायला मायक्रोफायबरचा मिट म्हणजे हातमोजा, पुसायला एक मोठा जाड ड्राइंग टॉवेल, वॅक्स लावायला फोमचे गोल अॅप्लिकेटर दोन, आणि वॅक्स पुसून काढायला मायक्रोफायबरचे निदान चार कपडे. कपडा किती भरीव आहे ते जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम यात सांगतात, वॅक्स काढायला ३०० ते ४०० पुष्कळ झाला. कपड्याच्या कडेला शिवलेलं प्लास्टिकचं लेबल आधी कापून टाका, तेच ओरखडे काढतं. जुना बनियन, टॉवेलचा तुकडा, पिवळं फडकं यातलं काही नको. यात पैसे वाचवायचे असतील तर वॅक्सवर वाचवा, कपड्यांवर नको, असं मी कोणालाही सांगेन. महागड्या वॅक्सखाली खराब कपड्याने काढलेले ओरखडे जास्तच उठून दिसतात.

आणि धुलाई. आता या भागावर मी जरा जास्त बोलणार कारण सगळं इथेच ठरतं, वॅक्स हा शेवटचा अर्धा तास आहे. आपल्याकडची तांबडी धूळ म्हणजे जांभ्याची आणि खनिजाची भुकटी, तिच्यात बारीक टणक कण असतात. ती कोरड्या फडक्याने पुसली की प्रत्येक कण क्लिअर कोटवरून घासत जातो, आणि मग उन्हात गाडी धरली की कोळ्याच्या जाळ्यागत गोल गोल रेषा दिसतात त्या याच. रोज सकाळी फडक्याने गाडी झटकायची सवय घराघरात आहे, ती आधी बंद करा, नुसत्या या एका गोष्टीने गाडी पाच वर्षांनीही वेगळी दिसेल. धूळ राहू दे, आठवड्याला पाण्याने काढा.

धुताना आधी पाइपने किंवा प्रेशर पंपाने भरपूर पाणी मारून सुटी धूळ वाहून जाऊ द्या, वरून खाली, चाकांच्या कमानीत विशेष, तिथे चिखल थापून बसलेला असतो. मग एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसऱ्यात साधं पाणी. मिट शाम्पूत बुडवायचा, एक दरवाजा किंवा अर्धं बॉनेट हलक्या हाताने सरळ रेषेत पुसायचं, मग मिट साध्या पाण्यात खळबळून घाण सोडायची आणि मगच परत शाम्पूत. साध्या पाण्याच्या बादलीचा तळ बघा, तांबडा गाळ साचलेला दिसेल, हा सगळा एरवी गाडीवर परत घासला गेला असता. टपापासून सुरुवात, खालचे पट्टे आणि बंपर सगळ्यात शेवटी, चाकांना वेगळं फडकं, ते परत वर आणायचं नाही. भांड्यांचा साबण रोज वापरू नका, तो जुनं वॅक्सही काढतो, रबरही कोरडं करतो. पण पहिल्यांदा वॅक्स लावायच्या आधी जुना तेलकटपणा काढायला एक वेळ वापरला तर बिघडत नाही.

पाणी कसलं वापरताय तेही बघा. विहिरीचं किंवा नळाचं पाणी असेल तर फारशी चिंता नाही, पण बोअरचं क्षाराचं पाणी असेल तर उन्हात वाळलं की पांढरे गोल डाग बसतात आणि मग त्यांच्यावरच वॅक्स लागतं. असं पाणी असेल तर एकेक भाग धुऊन लगेच टॉवेलने टिपून घ्या. बसलेले ताजे डाग व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून कपड्याने टिपले तर बहुतेक निघतात, नंतर साध्या पाण्याने धुवायला विसरू नका.

गाडी धुऊन झाली की एक तपासणी करा, फुकट आहे. पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घाला आणि बोटं बॉनेटवरून, टपावरून हळूच फिरवा. पिशवीमुळे बारीकसा खरखरीतपणाही मोठा होऊन लागतो. गुळगुळीत लागलं तर सरळ वॅक्सकडे जा. खरखरीत लागलं तर कोटवर काहीतरी चिकटलंय जे शाम्पूने जात नाही, डांबराचे थेंब, झाडाचा चीक, रंगाचा फवारा, ब्रेकमधून उडणारे लोखंडाचे कण. पांढऱ्या गाडीवर खालच्या बाजूला केशरी बारीक ठिपके दिसतात ते बहुतेक याच लोखंडी कणांचे असतात. त्यासाठी आयर्न रिमूव्हर नावाचा स्प्रे मिळतो, मारला की ठिपक्यांच्या जागी जांभळा रंग सुटतो, दोन-तीन मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवायचा, वाळू द्यायचा नाही. वास भयंकर येतो, बाहेर मोकळ्यावर करा. डांबराला टार रिमूव्हर. ज्या रस्त्यांवर कामं चालू आहेत त्यांवरून रोज जाणाऱ्यांच्या गाड्यांच्या दरवाजांच्या खालच्या भागावर काळे ठिपके असतातच.

तरीही खरखर राहिली तर क्ले बार. मऊ मातीचा गोळा असतो, अर्धा तोडून घ्या, तळहातावर चपटा करा, गाडीवर शाम्पूचं पाणी भरपूर फवारा आणि त्या ओल्यावरून क्ले हलक्या हाताने पुढे-मागे सरकवा. सुरुवातीला अडकल्यासारखा लागेल, मग सरसर जायला लागेल, म्हणजे तो भाग झाला. क्लेवर काळं-तांबडं दिसलं की घडी घालून स्वच्छ बाजू वर आणा. अंगणात पडला तर धुऊन परत वापरायचा मोह टाळा, सरळ टाकून द्या, त्यात रुतलेला एक खडा आख्ख्या दरवाजावर रेघ मारेल. वर्षातून एकदा क्ले पुरे, पाऊस संपल्यावरचा हात त्यासाठी योग्य.

मग गाडी पूर्ण कोरडी करा. आरशांच्या मागे, नंबर प्लेटच्या वर, दरवाजांच्या फटीत पाणी लपलेलं असतं आणि वॅक्स लावायला घेतलं की नेमकं तेव्हाच ओघळ खाली येतो. एक छोटी फेरी मारून या किंवा दरवाजे-डिकी उघडून दहा मिनिटं थांबा. डिसेंबर-जानेवारीत रात्री दव पडतं, तेव्हा सकाळी सातला सुरू करू नका, नऊ-साडेनऊपर्यंत थांबा.

जागा सावलीची हवी, पोर्च असेल तर सोन्याहून पिवळं. झाडाखाली नको, कितीही गार वाटलं तरी, पानं, किडे, चीक सगळं ओल्या वॅक्सवर येऊन पडतं. पत्र्याला उलटा हात लावून बघा, गार किंवा कोमट लागला पाहिजे. नुकती चालवून आणलेली गाडी असेल तर बॉनेट निवायला अर्धा तास द्या. गरम पत्र्यावर वॅक्स लावताक्षणी वाळतं आणि मग निघता निघत नाही.

काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या, वायपरखालची जाळी, रबर, यांच्या कडेला पेंटरची मास्किंग टेप लावून घ्या. वॅक्स त्या खरखरीत प्लास्टिकमध्ये शिरलं की वाळून पांढरं होतं आणि महिनोन्‌महिने तसंच राहतं. पुढच्या काचेलाही वॅक्स नको, पावसात वायपर थरथरतो आणि समोरच्या गाडीचे दिवे पसरून दिसतात, आपल्या घाटातल्या पावसात तर हे धोक्याचंच आहे. मॅट रंगाच्या गाडीला साधं वॅक्स अजिबात नाही, चट्टे पडतात, तिला तिचं वेगळं येतं. आणि पॅनेल नुकतंच गॅरेजमध्ये रंगवून आणलं असेल तर रंगवणाऱ्याला विचारून एक ते दोन महिने थांबा, आतलं सॉल्व्हंट बाहेर निघायला वेळ लागतो. शोरूममधून आलेल्या कोऱ्या गाडीला मात्र थांबायची गरज नाही, कारखान्यात तो रंग भट्टीत पक्का झालेला असतो.

आता लावायचं. आधी एका कोपऱ्यात, दरवाजाच्या खालच्या बाजूला वगैरे, हातभर जागेवर लावून पुसून बघा, तुमच्या गाडीवर ते कसं वागतं ते कळतं. सगळं ठीक असेल तर फोम अॅप्लिकेटर किंचित ओलसर करा, बाटलीवर तसं सांगितलं असेल तरच, आणि त्यावर रुपयाच्या नाण्याएवढं वॅक्स घ्या. चार ठिकाणी टेकवा म्हणजे एका जागी ढीग होणार नाही, आणि मग अर्ध्या बॉनेटएवढ्या भागावर सरळ रेषेत पसरवा, एकदा उभं, एकदा आडवं, प्रत्येक रेघ आधीच्या रेघेवर थोडी चढवून. गोल फिरवायचं की सरळ यावर लोक भांडतात. स्वच्छ फोमने फरक पडत नाही, पण फोममध्ये चुकून एखादा कण असला तर सरळ ओरखडा गोल ओरखड्यापेक्षा कमी दिसतो, म्हणून मी सरळच सांगतो. जोर अजिबात द्यायचा नाही.

थर किती? इतका पातळ की लावलाय की नाही अशी शंका यावी. नुसती धुरकट छटा दिसायला हवी, पांढरा लेप नको. जास्त लावल्याने संरक्षण वाढत नाही, वरचं सगळं शेवटी कपड्यातच जातं. एका छोट्या हॅचबॅकला एका वेळी ३० मिलीच्या आसपास लिक्विड पुरतं, त्याहून खूप जास्त संपलं तर पुढच्या वेळी हात आखडा.

मग थांबायचं, आणि गोव्यात हे थांबणं बाटलीवर लिहिलंय तेवढंच असेल असं नाही. बाटलीवर पाच-दहा मिनिटं लिहिलेली असतात, पण आपल्याकडे हवेतला दमटपणा असा की मे महिन्यात किनाऱ्याजवळ पंधरा-वीस मिनिटंही लागतात. घड्याळापेक्षा बोटाचा भरवसा धरा. स्वच्छ बोट लावलेल्या भागावर एकदा सरळ ओढा. खाली स्वच्छ चकचकीत पट्टा उघडा पडला तर वाळलंय, पुसायला घ्या. फिस्कटलं, ओलसर रेघ राहिली तर अजून थांबा. काही नवी वॅक्सं लावून लगेच पुसायची असतात, तर सूचना वाचाच. पोर्चमध्ये टेबल पंखा लावून ठेवला तर दमट दिवसात फार मदत होते.

पुसताना कपड्याची चार घडी घाला म्हणजे आठ बाजू मिळतात. पहिल्या बाजूने वॅक्स उचलायचं, मग स्वच्छ बाजूने हलक्या हाताने चमक आणायची. बाजू भरली की बदला, भरलेल्या कपड्याने पुसत राहिलात तर वॅक्स नुसतं इकडचं तिकडे होतं आणि तेलकट पट्टे राहतात. पट्टे दिसलेच तर घाबरायचं कारण नाही, एक कपडा पाण्याने अगदी किंचित ओला करून फिरवा, मागोमाग कोरडा फिरवा, जातात. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा, सुटलेली जागा लगेच दिसते. कपडा जमिनीवर पडला तर तो त्या दिवसापुरता बाद, जांभ्याच्या अंगणात तर नक्कीच.

दरवाजांच्या आतल्या कडा आणि डिकीच्या झाकणाची खालची बाजू विसरू नका. तिथे पावसाचं पाणी साचतं, तिथेच गंज सुरू होतो, आणि तिथे कोणी वॅक्स लावत नाही. चुकून काळ्या प्लास्टिकला लागलंच तर साधं पेन्सिलचं खोडरबर घासून बघा, निघतं बऱ्याचदा, नाहीतर जुना टूथब्रश आणि शाम्पूचं कोमट पाणी.

दुसरा थर हवाच असेल तर सिंथेटिकचा दुसऱ्या दिवशी द्या. त्याने थर दुप्पट जाड होतो असं समजू नका, पहिल्या वेळी सुटलेल्या जागा भरल्या जातात एवढा त्याचा उपयोग, आणि मेमधल्या हाताला तो मी आवर्जून देतो.

नंतरची काळजी सोपी आहे पण नेमाने हवी. पाऊस पडला की बॉनेटवर गोल टपोरे थेंब उभे राहतात आणि गाडी चालली की घरंगळून जातात तोवर वॅक्स आहे. थेंब चपटे व्हायला लागले, पाणी पसरून बसायला लागलं, तर आधी एकदा नीट शाम्पूने धुऊन बघा, कधी कधी वर नुसती घाण बसलेली असते. धुऊनही तसंच असेल तर वॅक्स गेलं. पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा, जुलैच्या शेवटी म्हणा, धुतल्यावर स्प्रे वॅक्स मारून घेतलं तर ऑक्टोबर गाठता येतो.

पक्ष्याच्या विष्ठेला मात्र वॅक्स असलं तरी वेळ देऊ नका. तिच्यात युरिक अॅसिड असतं, उन्हात तापलेला क्लिअर कोट मऊ झालेला असतो आणि गार होताना त्या डागाभोवती आवळतो, मग तो खड्ड्यासारखा डाग कायमचा. मे महिन्यात पक्षी जांभळं खाऊन येतात तेव्हा तर रंगही बसतो. गाडीत एक पाण्याची बाटली आणि टिश्यू ठेवा, ओला टिश्यू डागावर पाच मिनिटं ठेवायचा आणि उचलायचा, घासायचं नाही. आंब्याला मोहर असतो तेव्हा तुडतुड्यांचा चिकट गोड रस खाली गाडीवर पडतो आणि त्यावर काळी बुरशी धरते, त्या दोन महिन्यांत गाडी दुसरीकडे लावता आली तर बघाच, नाही जमलं तर आठवड्यात दोनदा धुवा. पूजेचं हळद-कुंकूही संध्याकाळपर्यंत ओल्या कपड्याने टिपून घ्या, दोन दिवस उन्हात राहिलं तर पांढऱ्या गाडीवर पिवळी छटा राहते. आणि कोणी धुऊन झाल्यावर डिझेलचा किंवा केरोसीनचा हात फिरवतो म्हणाला तर ठामपणे नको म्हणा, तासभर चमकतं, मग धूळ चिकटते, आणि तुम्ही लावलेलं वॅक्सही त्यातच विरघळतं.

मायक्रोफायबर वेगळे धुवा, घरच्या सुती कपड्यांबरोबर नको, त्यांचे धागे अडकतात. फॅब्रिक सॉफ्टनर तर अजिबात नाही, तो कपड्याची टिपण्याची ताकदच मारतो. वाळवायचे सावलीत आणि झाकणाच्या डब्यात ठेवायचे, पावसाळ्यात उघडे राहिले तर बुरशीचा वास धरतात. वॅक्सची बाटली झाकण घट्ट लावून घरातल्या कपाटात ठेवा, गाडीच्या डिकीत नको, एप्रिल-मेच्या उन्हात तिथे ती तापून आतलं फुटतं आणि पुढच्या हंगामात उघडलीत की नुसतं पाणी आणि गुठळ्या निघतात.